सीमाभागातले रॅप गट नेमके कोणाच्या विरोधात उभे आहेत?

टिळकवाडीची_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. यंदाच्या पदव्युत्तर वर्गातील एका मुलाने आणि एका मुलीने मिळून प्रकल्पासाठी हिप-हॉप गटांचा, म्हणजे रॅप गाणाऱ्या मुलांच्या गटांचा, विषय घेतला आहे. हे गट म्हणजे ‘काउंटरपब्लिक’ ठरतात का, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावर दोघांची मते इतकी टोकाची झाली आहेत की अहवालाचे पहिले प्रकरणही पुढे सरकेना.

संकल्पना ज्यांच्या परिचयाची नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ च्या ग्रंथात युरोपातील कॉफीगृहे, बैठकी आणि वृत्तपत्रे यांतून घडलेल्या सार्वजनिक चर्चाविश्वाचे वर्णन केले. त्यावर नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० च्या निबंधात असा आक्षेप घेतला की, त्या चर्चाविश्वाचे दार स्त्रिया, कामगार, कृष्णवर्णीय अशा अनेकांना बंदच होते, आणि म्हणून या मंडळींनी आपापली समांतर चर्चाविश्वे उभारली, जेथे आपल्या गरजा कोणत्या आणि आपण कोण हे त्यांना स्वतःच्या शब्दांत मांडता येत होते. अशा समांतर विश्वाला त्यांनी काउंटरपब्लिक म्हटले.

अमेरिकेतील उदाहरणांना हे सहज लागू पडते, कारण तेथे मुख्य प्रवाह कोणता याबद्दल फारसा वाद नाही. आपल्याकडे तेच ठरत नाही. राज्यव्यवहार कन्नडमध्ये चालतो, २०१२ पासून सुवर्ण विधानसौधाची, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या येथील अधिवेशनाची, इमारत शहराच्या वेशीवर उभी आहे आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावरील साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. या बाजूने पाहिले तर मराठीत जाहीरपणे काही म्हणणे हाच प्रतिवाद ठरतो. पण मराठीचेही येथे स्वतःचे भक्कम सार्वजनिक विश्व आहे: १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि मूक सायकल फेरी, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, अधिवेशनाच्या तोंडावर भरणारा महामेळावा, १९१९ पासून निघणारा ‘तरुण भारत’, कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलने आणि वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ.

आता एखाद्या गटाने ‘बेळगाव आमचं’ अशा आशयाचे रॅप केले, तर माझा विद्यार्थी म्हणतो की हा प्रतिकार आहे, कारण ते गाणे सत्तेच्या भाषेला नकार देते. विद्यार्थिनी म्हणते की हेच गाणे घरी आजोबा टाळ्या वाजवून ऐकतात, मंडळे मोठ्या आवाजात लावतात आणि नेते आपल्या भ्रमणध्वनीवरून पुढे पाठवतात, मग त्यात आव्हान कोणाला आहे? मला दोघांचेही पटते आणि तीच माझी अडचण आहे. या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आलेल्यांनी कृपया लिहावे.

नंदगडचा_निवृत्त यांचे उत्तर

मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला अधिक नेमका वाटतो, पण तो गाण्याला विचारून सुटणार नाही. एखादा गट काउंटरपब्लिक आहे की नाही हे त्याच्या शब्दांतल्या रागावरून ठरवायचे, ही सवय आधी सोडावी लागेल.

हिप-हॉपचा इतिहासच हे सांगतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल हिने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला एक पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने, तेथे तबकड्या वाजवल्या. गाण्यातला जो तुकडा नाचणाऱ्यांना हवा असे, तो तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवत लांबवायचा, ही त्याची युक्ती. यात राजकीय वाक्य एकही नव्हते. दारिद्र्य आणि पडक्या वस्तीबद्दल थेट बोलणारे ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरिअस फाइव्ह यांचे गाणे आले ते १९८२ मध्ये. मधली नऊ वर्षे काय चालले होते? क्रॉस ब्राँक्स हमरस्त्यासाठी ज्या भागातली वस्तीच्या वस्ती उठवली गेली आणि नंतर ज्या भागाकडे नगरपालिकेने पाठ फिरवली, तेथील पोरे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन मैदानात ध्वनियंत्रणा लावत होती. कोण कोणानंतर माइक घेणार, हरलेल्याने काय करायचे, नाव कसे कमवायचे, याचे नियम ती ठरवत होती. जागा, साधने आणि पाळी यांची ही व्यवस्था आधी उभी राहिली आणि आशय मागून आला. तुमचे विद्यार्थी बहुधा गाण्यांचे शब्द लिहून काढत बसले असतील. त्यांना म्हणावे, आधी माइक कोणाचा आहे ते पाहा.

दुसरी गोष्ट मायकेल वॉर्नर यांनी २००२ च्या पुस्तकात फार चांगली मांडली आहे. त्यांच्या मते कोणतेही ‘पब्लिक’ हे अनोळखी माणसांना उद्देशून बोलल्याने निर्माण होते. नातेवाईक, गल्लीतले मित्र, आपल्याच मंडळाचे कार्यकर्ते यांच्यापुढे म्हटलेले गाणे कितीही जहाल असले तरी ते त्या मंडळींपुरतेच राहते. ज्याला आपण ओळखत नाही, अशा कोणाला तरी ‘हे माझ्याबद्दल आहे’ असे वाटून तो थांबला आणि पुढच्या वेळी स्वतःहून आला, तर त्या गटाभोवती काही तयार होऊ लागले असे म्हणता येते.

आणि तुमच्या मूळ अडचणीबद्दल. विरोध हा नेहमी कोणाच्या तरी संदर्भात असतो, त्यामुळे एकच गट एका दिशेने पाहिल्यास आव्हान देणारा आणि दुसऱ्या दिशेने पाहिल्यास दंडुका उगारणारा असू शकतो. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील एनडब्ल्यूए या गटाने पोलिसी अत्याचारावर गाणे केले, तेव्हा १९८९ मध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नापसंतीचे पत्र धाडले. सत्तेला इतके झोंबलेले गाणे क्वचितच असेल. त्याच गटाच्या इतर गाण्यांत मात्र स्त्रियांचा उल्लेख ज्या भाषेत आहे तो वाचवत नाही, आणि त्याला उत्तर द्यायला क्वीन लतीफासारख्या रॅप गाणाऱ्या स्त्रियांना याच क्षेत्रात आपली वेगळी जागा तयार करावी लागली. फ्रेझर यांनीही स्पष्ट म्हटले आहे की काउंटरपब्लिक सद्गुणीच असते असे नाही, काही तर उघडपणे लोकशाहीविरोधी आणि विषमतावादी असतात. हे वाक्य वर्गातल्या चर्चेत बहुतेक वेळा गळते.

तेव्हा ‘बेळगाव आमचं’ म्हणणारा गट बेंगळुरूच्या संदर्भात प्रतिवाद करतो हे मान्य करावे, आणि तोच गट आपल्या गल्लीत सर्वांत मोठा आवाज असू शकतो हेही त्याच पानावर लिहावे. त्या ‘आमचं’मध्ये कोणाकोणाला धरले आहे, हे मग गाण्यातून शोधता येईल.

जाता जाता एक सांगतो. मी राहतो त्या नंदगडात १८३१ साली इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले गेले. त्याची गाथा कन्नड लावणी म्हणणाऱ्यांनी गावोगावी फिरून जिवंत ठेवली, आणि त्या लावणीचे सवाल-जवाबाचे फड आपल्या कलगी-तुऱ्याशी इतके मिळतेजुळते आहेत की दोन्ही बाजूंचे जुने गाणारे एकमेकांच्या चाली सहज ओळखत. कलगीवाले शक्तीला थोर म्हणत, तुरेवाले शिवाला, आणि हा वाद रात्र रात्र चाले. डफावरच्या या हजरजबाबीला आज कोणी बॅटल म्हणेल. हा मुलुख दोन भाषांतून भांडायला पूर्वीपासून सरावलेला आहे.

वडगावचा_माग यांचे उत्तर

मास्तर, तुम्ही माइकचे म्हणालात म्हणून लिहितो. मी अशा एका गटात काही वर्षे होतो. गटाचे नाव सांगत नाही, कारण त्यातले बरेच जण आता नोकऱ्यांत आहेत.

आमच्याकडे स्टुडिओ नव्हता. वडगावात एका मित्राच्या घरामागे यंत्रमागाची शेड आहे, तेथे माग बंद असला की आम्ही जमत असू. भ्रमणध्वनी साड्यांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवला की आवाज घुमत नाही, हे आम्हाला तेथेच कळले. सुरुवातीला सगळ्यांसारखेच यूट्यूबवरून फुकटचे टाइप बीट, म्हणजे नामांकित रॅपरांच्या धर्तीवरचे तयार ताल, उतरवून त्यावर शब्द बसवायचो, आणि ते शब्द म्हणजे मी कसा भारी, तू कसा फालतू, एवढेच. मग एकदा कोणीतरी चालत्या मागाचा आवाज नोंदवला. धोटा इकडून तिकडे जाताना होणारा ठोका, त्यामागोमाग फणीचा दणका, आणि मध्ये लोखंडाची किणकिण. त्याचा छोटा तुकडा कापून आम्ही फिरवत ठेवला. तो ताल लागल्यावर ‘मी भारी’ हे शब्द त्यावर बसेनात, हे मात्र खरे. त्या तालावर मजुरीबद्दलच लिहावेसे वाटले.

गाणे असे होते: सुताचा भाव वाढतो, विजेचे बिल वाढते, साडीची मजुरी मात्र तीच राहते, आणि दुकानात त्याच साडीवर लावलेल्या चिठ्ठीवरचा आकडा विणणाऱ्याच्या घरी कोणाला माहीत नसतो. एक कडवे मी मराठीत लिहिले, आमच्या बेळगावी मराठीत, ‘काय करूलालास बे’ अशा बोलण्यात. दुसरे कडवे ज्याने लिहिले त्याच्या घरी कन्नड बोलतात, त्याने ते कन्नडमध्ये लिहिले. यामागे काही धोरण वगैरे नव्हते. शहापूर आणि वडगावच्या मागांवर दोन्ही भाषा बोलणारी माणसे शेजारी शेजारी बसतात, इतकेच त्याचे कारण होते.

पहिल्यांदा ते म्हटले चहाच्या टपरीजवळ, विणकर सुटण्याच्या वेळेला. एका म्हाताऱ्या विणकराने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘पोरांनो, गाणं बरं हाय, पण माग लई सावकाश चालूलालाय. असा चालवला तर मालक घरी पाठवंल.’ आम्ही ताल वाढवला. मास्तरांनी अनोळखी श्रोत्याबद्दल लिहिले आहे ना, तो आमचा पहिला अनोळखी श्रोता.

त्यानंतरचा प्रकार तुमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा आहे, मॅडम. एका गणेशोत्सव मंडळाने बोलावले. त्यांची अट अशी की आधी महाराजांवरचे एक गाणे म्हणा आणि या गाण्यातले कन्नड कडवे गाळा. पुढे राज्योत्सवाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या कर्नाटक स्थापना दिनाच्या, एका कार्यक्रमासाठी विचारणा झाली, तेथे मराठी कडवे गाळायला सांगितले. दोन्हीकडच्यांना साडीच्या मजुरीबद्दल काहीच हरकत नव्हती, कारण त्या ओळी त्यांनी ऐकल्याच नव्हत्या. आम्ही दोन्हीकडे गेलो नाही. नंतर गाणे यूट्यूबवर टाकले तर एका दिवसात खाली भाषेचे भांडण पेटले, सीमावादावरच्या महाजन आयोगापासून सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यापर्यंत सगळे तेथे निघाले, आणि मागाबद्दल, सुताबद्दल, मजुरीबद्दल एकही प्रतिक्रिया आली नाही.

येथे मुख्य प्रवाह एक नाही, दोन आहेत, असे मला तेव्हापासून वाटते. ते एकमेकांशी भांडतात तेव्हा तिसऱ्या कशाबद्दल बोलायला जागाच उरत नाही. भाषेच्या प्रश्नाला मी क्षुल्लक म्हणत नाही. माझ्या वडिलांना सरकारी कागद वाचता येत नाही आणि त्यासाठी कोणाच्या तरी पाया पडावे लागते, हे मी रोज पाहतो. पण हलगा-मच्छे बायपाससाठी ज्यांच्या पिकत्या जमिनी जायची वेळ आली त्या शेतकऱ्यांमध्येही दोन्ही भाषांचे लोक होते, आणि त्यांच्यावर गाणे करायचे तर ते कोणत्या मंचावर म्हणायचे, या प्रश्नाशी आम्ही पुन्हा तेथेच आलो असतो. जो गट या दोन्ही मंचांना नको असतो तो येथे खरा विरोधात उभा आहे, असे माझे मत आहे.

खडेबाजार_०८३१ यांचे उत्तर

सगळ्यांचे वाचले. एवढ्या मोठ्या शब्दांची गरज आहे का, असा माझा साधा प्रश्न आहे. रॅप हा धंदा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून नसला तरी सहाव्या वर्षापासून नक्कीच आहे. १९७९ मध्ये ज्या गाण्यामुळे रॅप घराघरांत पोहोचले ते गाणारा शुगरहिल गँग हा गट रेकॉर्ड कंपनीच्या मालकीण सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी त्यासाठीच जमवला होता. व्यवस्थेवर तुटून पडणाऱ्या पब्लिक एनिमीच्या तबकड्या सीबीएससारख्या बड्या कंपनीच्या वितरणातून विकल्या जात होत्या. आपल्याकडे २०१९ मध्ये मुंबईच्या रॅपवर हिंदी चित्रपट आला आणि त्यानंतर गल्ली हे चपला-टोप्या विकण्याचे साधन झाले. वडगावच्या मित्राच्या गाण्याखाली भांडण पेटले ते कशामुळे? भांडणाने माणसे थांबतात आणि थांबलेल्या माणसांना जाहिराती दाखवता येतात. मुख्य प्रवाह बेंगळुरूतही नाही आणि बेळगावातही नाही, तो त्या पडद्याच्या मागे आहे.

बाजाराशी हुशारीने वागलेला एक गट मात्र मला आठवतो, तो म्हणजे स्टेटन आयलंडचा वू-टँग क्लॅन. १९९३ च्या पहिल्या अल्बमसाठी त्यांनी लाउड रेकॉर्ड्सशी करार केला, पण त्यात अट घातली की प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे हव्या त्या कंपनीशी करार करता येईल. मग एक जण डेफ जॅमकडे गेला, एक गेफनकडे, एक इलेक्ट्राकडे, आणि गटाचे नाव एकाच वेळी सगळ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या खर्चाने गाजत राहिले. याला मी गट म्हणेन. बाकीचे म्हणजे रिअॅलिटी शोची वाट पाहणारी पोरे.

निपाणीची_अक्का यांचे उत्तर

खडेबाजारवाले अण्णा, पोरे रिअॅलिटी शोची वाट पाहतात हे खरे असले तरी ज्यांना दुसरी वाटच ठेवलेली नाही त्यांना त्यावरून हिणवणे मला पटत नाही. धंद्याबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण वितरण कोणाच्या हातात आहे एवढ्यावरून सगळे ठरत असते तर छापखाना सावकाराचा होता म्हणून वर्तमानपत्रेही मोडीत काढावी लागली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. पैसा राजाचा होता आणि शब्द बहिष्कृतांचे होते.

मी निपाणीची आहे आणि घरात विड्या वळल्या जात त्या काळात वाढले. काउंटरपब्लिक हा शब्द मी अलीकडे ऐकला, पण त्याने जे सांगायचे आहे ते या गावाने पाहिलेले आहे. १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली येथे बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. पुढे तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, आणि १९८२ मध्ये दीपा धनराज व त्यांच्या मैत्रिणींच्या ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने त्यांच्यावर माहितीपट केला. त्यात बायका मालकाबद्दल, मुकादमाबद्दल, धुळीने भरलेल्या छातीबद्दल स्वतः बोलतात. आमच्याकडच्या बायकांचे असले बोलणे त्याआधी कोणत्या वर्तमानपत्रात आले होते? वखारीतून सुटल्यावर घरी पोहोचेपर्यंतच्या वाटेवर ते बोलणे चाले, तेच सभेत आले आणि सभेतून पडद्यावर गेले.

रॅपचे गट आणि हे, यांत मला एक मोठा फरक दिसतो आणि तो मास्तरांच्या उत्तरात राहून गेला आहे. फ्रेझर यांनी काउंटरपब्लिकची दोन कामे सांगितली आहेत असे मी वाचले: आधी आपापल्यात मागे सरून बळ गोळा करायचे आणि मग त्या बळावर बाहेरच्या मोठ्या जगाला धक्का द्यायचा. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा लोकांना आवडणारा साचा उचलला आणि त्यात नवा विचार भरला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तेच केले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. या सगळ्यांच्या मागे दुसऱ्या दिवशीची सभा होती. आज रात्री जलसा झाला तर उद्या सकाळी त्याच चावडीसमोर सभासद नोंदवणारा माणूस वही घेऊन बसलेला असे. अण्णा भाऊंच्या छक्कडीत बेळगाव आणि निपाणीची नावे येतात ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा भाग म्हणून, नुसती अभिमानाची यादी म्हणून नव्हे. वडगावच्या भावाच्या गाण्यात दम आहे, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी विणकरांनी कोठे जायचे होते? हे मी दोष म्हणून विचारत नाही. संघटनाच विरळ झाल्या आहेत, त्याला गाणारी पोरे काय करणार?

जेथे हा सांधा जुळला आहे तेथे रॅपही वेगळा दिसतो. मुंबईच्या स्वदेशी या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले, तेव्हा जंगल वाचवण्याचे आंदोलन आधीच उभे होते आणि गाणे त्याच्या हाताशी आले. त्या गटात मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. चेन्नईत तमिळ चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’चा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. त्यांनी रॅपला गाना या उत्तर चेन्नईतल्या वस्त्यांच्या गायनाची जोड दिली, आणि जातीचे नाव घेऊन गाणे म्हटले. आपल्या सीमाभागातल्या मराठी रॅपमध्ये मला जातीचा उच्चार क्वचितच ऐकू येतो. ‘मराठी माणूस’ म्हटले की सगळे एक झाले असे गृहीत धरले जाते, आणि वाड्यातला मराठी माणूस व वेशीबाहेरचा मराठी माणूस यांच्यात जे अंतर आहे ते गाण्याच्या ठेक्याखाली दडपते. मॅडमच्या विद्यार्थिनीने ‘आव्हान कोणाला’ असे विचारले आहे, त्याचे एक उत्तर येथे मिळेल.

सत्तेला झोंबते का, ही कसोटी वापरायची असेल तर तीही वापरा. २०२३ मध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकीय आशयाच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. दोघेही मराठीत गात होते आणि ज्या सरकारच्या काळात गुन्हे दाखल झाले ते मराठी भाषकांचेच होते. सीमेपलीकडे गेले की आपली भाषा सुरक्षित होते, बोलणारा मात्र सुरक्षित होतोच असे नाही, हे आपल्याकडच्या पोरांनी लक्षात ठेवावे.

टिळकवाडीची_वाचक

अक्का, मास्तर, आणि बाकी सर्वांचे आभार. अहवालाची मांडणी बदलायला मी विद्यार्थ्यांना सांगितले आहे. गाण्यांच्या शब्दांऐवजी आता ते प्रत्येक कार्यक्रमाची नोंद करतील: जागा कोणी दिली, कोणती अट घातली, कोण थांबून ऐकत होते, कोणते कडवे गाळले गेले, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले. एकाच गटाच्या दोन वेगवेगळ्या मंचांवरच्या कार्यक्रमांची तुलना केली तर ‘गट काउंटरपब्लिक आहे का’ हा प्रश्न ‘गट केव्हा आणि कोठे काउंटरपब्लिक असतो’ असा बदलेल, आणि त्याला पुराव्यानिशी उत्तर देता येईल असे वाटते. खडेबाजारवाल्यांचा मुद्दाही मी त्यांना घ्यायला लावणार आहे, कारण गाण्याखालच्या प्रतिक्रिया हाही एक मंचच आहे आणि त्याच्याही अटी आहेत, फक्त त्या कोणी येऊन तोंडावर सांगत नाही.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. या गटांमध्ये मुली आहेत का? मास्तरांनी क्वीन लतीफाचे नाव घेतले. कास्टलेस कलेक्टिव्हमध्येही सुरुवातीला इसैवाणी ही एकटीच स्त्री गायिका होती. आमची विद्यार्थिनी स्वतः लिहिते, पण सायफरला, म्हणजे घोळक्यात पाळीपाळीने रॅप म्हणण्याच्या बैठकीला, जायला कचरते.

वडगावचा_माग

मॅडम, आमच्या गटात एक मुलगी होती आणि ती आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा सरस होती. ती बेळगावी ढंगात ‘मी आलो, मी गेलो’ असेच म्हणायची, त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या काहींना आवाज मुलाचा की मुलीचा असा प्रश्न पडे, आणि तिला त्याची मजा वाटे. अडचण गाण्याची नव्हती, वेळेची होती. आमचे जमणे माग बंद झाल्यावर म्हणजे रात्री, आणि जागा शेडमागची, तेथे दिवा एकच. तिच्या घरच्यांनी सरळ नाही म्हटले. आम्ही वेळ बदलायचा विचार केला, पण दिवसा माग चालू असे आणि दुसरी फुकटची जागा आमच्याकडे नव्हती. मग ती व्हॉट्सअॅपवर कडवी नोंदवून पाठवू लागली आणि आम्ही ती जोडत असू. समोरासमोर पाळीने म्हणण्यात जो कस लागतो तो यात लागत नाही, हे तिचेच म्हणणे होते, आणि काही महिन्यांनी तिने पाठवणे बंद केले.

जागा कोणाची हा मास्तरांचा प्रश्न येथे मुलींसाठी जास्त कठीण होतो. तुमच्या महाविद्यालयात दुपारी रिकामा राहणारा एखादा वर्ग असेल आणि तो दर आठवड्याला ठरल्या वेळी मिळणार असेल, तर तुमच्या विद्यार्थिनीला कचरण्याचे कारण राहणार नाही. परवानगी मागताना ‘काव्यवाचन’ असे लिहा. ‘रॅप’ लिहिले की कार्यालयात कागद अडकतो, असा अनुभव आहे. जागा मिळाली तर कळवा. मागाचा तो ताल माझ्याकडे अजून आहे, पाठवतो.